डाउन सिंड्रोम आणि संगीताची साथ

गेल्या कार्तिकांत कांहीं कामानिमित्त मी बुलढाणा जिल्ह्यांतील खामगांव तालुक्यांत गेलों होतों आणि तीन रात्री पिंपळगांव राजा येथें एका स्नेह्यांच्या घरीं मुक्कामास होतों. पहाटे काकड्याला मंडळी जमत. कानाला उपरणें गुंडाळून मीहि जाऊन बसलों. मृदंगाशेजारीं बारा-तेरा वर्षांचा एक मुलगा टाळ घेऊन बसला होता. ठेंगणा बांधा, गोल चेहरा, किंचित् तिरपे डोळे, जीभ जराशी ओठांशीं आलेली. ज्यांनीं अशीं मुलें पाहिलीं आहेत त्यांस ओळख पटावयास क्षणहि लागत नाहीं. भजनाची लय वाढली. मधला एक गृहस्थ चुकला, पुन्हां सांवरला. या मुलाचा टाळ मात्र समेवर जसा पडावयाचा तसा पडत होता. बाहेर आल्यावर शाळेंतले एक मास्तर मला म्हणाले, "याला दहापर्यंत आंकडे म्हणतां येत नाहींत. आठ मात्रा याला कोण मोजून देतो, कोण जाणे!"

दुसऱ्या दिवशीं त्या मुलाची आई भेटावयास आली. मी अशा मुलांच्या शाळेंत पुष्कळ वर्षें काम केलें आहे, ही गोष्ट तिच्या कानावर गेली होती. तिनें पदराच्या आडून एक घडी केलेला कागद काढला आणि विचारलें, "गुरुजी, गाणं शिकवलं तर हा बरा होईन का?" कुठल्याशा दूरच्या शहरांतील एका उपचारकानें सहा महिन्यांच्या 'रागोपचारा'चा खर्च त्या कागदावर लिहून दिला होता. तो आंकडा त्या घरच्या एका हंगामाच्या कपाशीइतका होता. अमुक राग अमुक वेळीं ऐकविला असतां मुलाची बुद्धि 'सामान्य' होईल, असें आश्वासनहि त्याच कागदावर होतें.

श्रोतेहो, त्या बाईंना मीं जें उत्तर दिलें तेंच आज आपणांस थोडें विस्तारानें सांगावयाचें आहे. आपण शहरांत राहतां, आपल्या हाताशीं डॉक्टर आहेत, पुस्तकें आहेत. तरीहि हाच कागद निराळ्या अक्षरांत आपल्याहि दारीं येत असतो.

प्रथम नांवाविषयीं. 'डाउन' म्हणजे खालावलेला, बुद्धीनें खालचा, असा अर्थ कित्येक सुशिक्षित घरांतहि समजला जातो. वास्तविक तें एका इंग्रज डॉक्टराचें आडनांव आहे. जॉन लँग्डन डाउन हे सरे परगण्यांतील अर्ल्सवुड येथील आश्रमाचे वैद्यकीय प्रमुख होते. १८६६ सालीं एका निबंधांत त्यांनीं या मुलांचें वर्णन प्रथम स्वतंत्रपणें केलें. निरीक्षण सूक्ष्म होतें. हीं मुलें नकला उत्तम करतात व विनोद त्यांना चांगला कळतो, हेंहि त्यांनीं नमूद केलें आहे. उपपत्ति मात्र साफ चुकली. चेहऱ्याच्या ठेवणीवरून त्यांनीं या मुलांचा संबंध मंगोल वंशाशीं जोडला आणि तें अपमानकारक नांव जवळजवळ शंभर वर्षें चिकटून राहिलें. १९६१ सालीं कांहीं शास्त्रज्ञांनीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रांतून त्यावर आक्षेप घेतला आणि १९६५ मध्यें, मंगोलियाच्या विनंतीवरून, जागतिक आरोग्य संघटनेनें तें सोडून दिलें. सिंड्रोम म्हणजे लक्षणसमुच्चय. एकत्र आढळणाऱ्या खुणांचा गट, इतकाच त्याचा अर्थ.

याच डाउनसाहेबांनीं १८६८ मध्यें टेडिंग्टन येथें नॉर्मन्सफील्ड ही आपली स्वतःची संस्था काढली आणि १८७९ सालीं तिच्यांत चक्क एक नाट्यगृह सुरू केलें. ज्या काळीं अशा मुलांना कोंडून ठेवणें हीच व्यवस्था समजली जाई त्या काळीं त्यांच्यासाठीं रंगमंच, पडदे आणि वाद्यें! ती वास्तु आजहि उभी आहे. दैवयोग असा कीं, १९०५ सालीं डाउन यांच्या मुलाच्या पोटीं जो मुलगा जन्मला तो याच लक्षणांचा होता.

खरें कारण सांपडावयास १९५९ साल उजाडलें. मनुष्याच्या प्रत्येक पेशींत गुणसूत्रांच्या २३ जोड्या, म्हणजे ४६ गुणसूत्रें असतात. पॅरिसमध्यें लेझन, गोतिए व त्युर्पँ या तिघांनीं दाखविलें कीं, या मुलांत तीं ४७ असतात. एकविसाव्या जोडींत दोनाऐवजीं तीन असतात. शंभरांत पंचाण्णवांच्या आसपास मुलांत बीज तयार होतांना ती जोडी नीट विभागली न गेल्यामुळें असें होतें. उरलेल्यांत जादा तुकडा दुसऱ्या गुणसूत्राला चिकटलेला असतो, किंवा कांहीं पेशींत ४६ व कांहींत ४७ असा मिश्र प्रकार असतो. जगांत सुमारें हजार जन्मांमागें एक मूल असें जन्मतें. २१ मार्च हा दिवस डाउन सिंड्रोम दिन म्हणून निवडला तो याच हिशेबानें: एकविसावें गुणसूत्र, तिसरी प्रत. २०१२ पासून संयुक्त राष्ट्रसंघहि तो पाळतो.

येथें एक गोष्ट जरा जोर देऊन सांगितली पाहिजे. असें मूल झालें म्हणजे घरांत प्रथम आईची चौकशी सुरू होते. ग्रहण पाळलें नाहीं, पपई खाल्ली, कोणाची नजर लागली. यांपैकीं कशाचाहि गुणसूत्रांशीं कांडीचा संबंध नाहीं. विभागणींतली ती चूक बहुतेक प्रसंगीं स्त्रीबीजांत होते, कांहीं प्रसंगीं पुरुषबीजांत. आणि ती दिवस राहण्यापूर्वींच घडून गेलेली असते. आईचें वय वाढतें तसा संभव वाढतो हें खरें. पंचविशींत तो साधारण बाराशेंत एक असतो, पस्तिशींत साडेतीनशेंत एक, चाळिशींत शंभरांत एक. पण तरुण वयांतच बहुसंख्य बाळंतपणें होत असल्यामुळें या मुलांच्या पुष्कळशा माता तरुणच असतात. पिंपळगांवच्या त्या बाईंचें पहिलें बाळंतपण विसाव्या वर्षीं झालें होतें. त्यांना तेरा वर्षें कोणी हें सांगितलें नव्हतें. त्या ग्रहणाचाच हिशेब करीत बसल्या होत्या.

आतां त्यांच्या प्रश्नाकडे वळूं. गाण्यानें हा बरा होईल का? नाहीं. अंगांतील प्रत्येक पेशींत जें आहे तें कोणताहि राग, कोणतीहि मात्रा, कोणतेंहि यंत्र काढून टाकूं शकत नाहीं. ही आजारपणाची गोष्टच नव्हे. हा त्या मुलाचा देहस्वभाव आहे. परंतु 'बरा' होण्याचा प्रश्न बाजूला ठेवून 'काय शिकेल, किती बोलेल, चारचौघांत कसा वावरेल' असा प्रश्न केला, तर संगीताला त्यांत मोठें काम आहे, आणि तें काम समजून घेण्यासारखें आहे.

या मुलांचे स्नायु जन्मतः सैल असतात. तोंडाची पोकळी लहान, जिभेवर ताबा कमी. त्यामुळें शब्द तोंडांतच अडखळतो. त्याहून महत्त्वाची अडचण स्मरणशक्तीच्या एका विशिष्ट भागांत आहे. आपण एखादा दूरध्वनि-क्रमांक ऐकतों आणि लिहून घेईपर्यंत मनांत घोळवितों. ऐकलेलें असें क्षणभर धरून ठेवण्याची शक्ति या मुलांत अशक्त असते. डोळ्यांनीं पाहिलेलें तीं त्यामानानें चांगलें धरतात. आणखी एक विशेष: त्यांना जितकें समजतें तितकें बोलतां येत नाहीं. घरांतलीं माणसें बोलण्यावरून समज मोजतात आणि मुलाच्या देखतच "याला काय कळतंय" असें म्हणून जातात. त्याला कळलेलें असतें.

मास्तरांच्या कोड्याचा उलगडा येथें आहे. आंकडे म्हणणें म्हणजे एकामागून एक येणारे, पुन्हां न फिरणारे शब्द मनांत धरणें. भजनी ठेक्याच्या आठ मात्रा मात्र फिरून फिरून त्याच जागीं येतात. या फेरींत चुकलें तर पुढच्या फेरींत सांपडतें. शिवाय त्या कानाला ऐकूं येतात, मृदंगावरच्या हातांत दिसतात, बसल्या सतरंजींतून अंगाला जाणवतात आणि शेजारच्या टाळकऱ्याची नक्कल करून हातांत उतरतात. जें एका वाटेनें आंत शिरत नाहीं त्याला ताल चार वाटा करून देतो.

शब्दाचेंहि तसेंच. आपल्या गांवाचें नांव तो मुलगा 'गाराजा' असें कांहींसें सांगे. आरंभींचीं अक्षरें गळून जात. लांब शब्दाचा पहिला भाग गिळणें ही या मुलांची नेहमींची खोड. मीं त्याच्यासमोर बसून कहरव्याच्या सावकाश लयींत मांडीवर टाळी दिली: पहिल्या टाळीला 'पिंपळ', दुसऱ्या टाळीला 'गांव', तिसऱ्या टाळीला 'राजा', आणि चौथी रिकामी. पांच-सहा आवर्तनांनंतर पहिल्या टाळीवर 'पिप्' असा उच्चार आला. हा कांहीं चमत्कार नव्हे. लयीमुळें शब्दाचे तुकडे सुटे झाले, प्रत्येक तुकड्याला ठरलेली जागा मिळाली, आणि चौथ्या रिकाम्या टाळीनें त्याला श्वास घ्यावयास व जुळवाजुळव करावयास अवकाश मिळाला. तो अवकाश फार मोलाचा. आपण प्रश्न विचारतों आणि दोन क्षणांत स्वतःच उत्तर देऊन मोकळे होतों. या मुलांना उत्तर बांधावयास त्याहून जास्त वेळ लागतो.

संगीतोपचार म्हणून जी पद्धतशीर विद्या आज ओळखली जाते तिची एक प्रसिद्ध शाखा १९५९ सालींच इंग्लंडांत वूस्टरशरमधील सनफील्ड या बालगृहांत सुरू झाली. पॉल नॉर्डॉफ हे अमेरिकन संगीतकार व क्लाइव्ह रॉबिन्स हे तेथील शिक्षक. त्यांची रीत अशी कीं, मुलाला गाणें शिकवावयाचें नाहीं. मूल जें करील, मग तें ढोल बडविणें असो, रडणें असो कीं येरझारा घालणें असो, त्याची लय पकडून पियानोवर त्याला उत्तर द्यावयाचें. आपल्याकडे या गोष्टीला सुंदर शब्द आहे: साथ. तबलजी गवयाला साथ देतो, म्हणजे त्याच्या मागें राहून त्याला आधार देतो. हळूहळू मुलाच्या ध्यानांत येतें कीं, आपण केलेल्या आवाजाला कोणी तरी जबाब देत आहे. आपण थांबलों कीं तोहि थांबतो. संभाषण म्हणजे तरी दुसरें काय असतें?

आपल्या भजनांत ही पाळीपाळीची रीत तयारच आहे. बुवांनीं चरण म्हणावा, टाळकऱ्यांनीं धरावा. विदर्भांत तर राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या खंजिरीनें गांवोगांव भजनी मंडळें उभीं केलीं. खंजिरी हलकी, एका हातांत मावणारी आणि कोठेंहि थाप मारली तरी बोलणारी. सैल बोटांच्या मुलासाठीं याहून सोयीचें वाद्य मला तरी ठाऊक नाहीं. पेटीचा भाता ओढणें मनगटाला चांगलें. पिपाणी किंवा शिट्टी फुंकल्यानें ओठ मिटण्याची व श्वास रोखून सोडण्याची संवय होते.

मात्र दोन भ्रम काढून टाकावे लागतील. डाउन सिंड्रोमचें प्रत्येक मूल संगीतवेडें असतें ही समजूत खरी नाहीं. आपल्या-तुपल्या मुलांसारखेंच कोणाला गोडी असते, कोणी पेटी सुरू झाली कीं उठून जातें. आणि पाठ झालेलें गाणें म्हणजे आलेली भाषा नव्हे. पंधरा कडवीं म्हणणारें मूल तहान लागली असतां पाणी मागूं शकत नाहीं, असें मीं पाहिलें आहे. म्हणून शब्द चालीवर बसला कीं चाल हळूहळू काढून घ्यावी: प्रथम सूर सोडावा, मग टाळी मंद करावी, शेवटीं नुसता बोटाचा ठोका ठेवावा. या विषयावरील प्रयोग बहुधा लहान लहान गटांवर झालेले आहेत. लक्ष, बोलण्याचा उत्साह, इतरांत मिसळणें यांत लाभ दिसतो. बुद्ध्यंक वाढविण्याचा दावा जो करील त्याच्यापासून दूर राहावें.

यानंतरची गोष्ट संगीताच्याहि आधींची आहे, आणि मला आज सर्वांत अधिक तीच सांगावयाची आहे. या मुलांपैकीं निम्म्याहून पुष्कळ अधिकांना ऐकूं कमी येतें. घसा व कान यांना जोडणारी नळी अरुंद असल्यामुळें पडद्यामागें पाणी सांचतें. आवाज पूर्ण बंद होत नाहीं, तो पाण्याखालून आल्यासारखा येतो. व्यंजनें पुसलीं जातात आणि ताल तेवढा कळतो. पिंपळगांवच्या मुलाला मीं पाठीमागून हलकेच हांक मारली. त्यानें वळून पाहिलें नाहीं. मृदंगाला अगदीं लगटून तो कां बसतो तें तेव्हां माझ्या ध्यानांत आलें. तेरा वर्षांत त्याचे कान कोणी तपासले नव्हते. ऐकत नाहीं तें बुद्धीमुळें, असें सर्वांनीं धरून ठेवलें होतें.

असेंच इतर तपासांचें. जवळजवळ निम्म्या मुलांच्या हृदयांत जन्मतः दोष असतो. जन्मानंतर लगेच हृदयाची प्रतिध्वनि-तपासणी व्हावयास हवी. गळ्यांतील थायरॉइड ग्रंथि मंद चालण्याचा संभव असतो. मग मूल सुस्त होतें आणि ती सुस्तीहि बुद्धीच्याच खात्यावर टाकली जाते. रक्ताची एक साधी तपासणी दरवर्षीं पुरते. मानेच्या वरच्या मणक्यांचे सांधे कांहींजणांत ढिले असतात. म्हणून नाचांत मानेला हिसके, कोलांट्या किंवा डोक्यावर उभें राहणें नको. चालतां चालतां तोल जाऊं लागला किंवा मान दुखूं लागली तर नाच बंद करून डॉक्टरांकडे जावें.

ही सोय केवळ मुंबई-पुण्याची मिरास राहिलेली नाहीं. २०१३ च्या फेब्रुवारींत आपल्याच पालघर येथें राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ झाला. त्यांत तपासावयाच्या जन्मजात दोषांच्या यादींत डाउन सिंड्रोमचें नांव आहे. आशा कार्यकर्ती नवजात बालकाला घरीं जाऊन पाहते, फिरतें पथक अंगणवाड्यांत वर्षांतून दोनदां व शाळांत एकदां येतें, आणि संशय आल्यास मुलाला जिल्ह्याच्या केंद्राकडे पाठवितें. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानें बौद्धिक दिव्यांगांना शाळेचा व प्रमाणपत्राचा हक्क दिला आहे. आपल्या घरीं कामास येणाऱ्या बाईंच्या नात्यांत असें मूल असेल तर निदान एवढी माहिती त्यांच्या कानावर घालावी.

इंग्लंडांत १९४९ सालीं पेनरोज यांनीं हिशेब केला तेव्हां या मुलांचें सरासरी आयुष्य बारा वर्षांचें भरलें. आज जेथें हृदयाची शस्त्रक्रिया व नियमित देखरेख मिळते तेथें तें साठीच्या घरांत गेलें आहे. म्हणजे प्रश्न आतां बालकाचा राहिला नसून पुढें होणाऱ्या प्रौढ माणसाचा आहे. त्याला आयुष्याचीं चाळीस-पन्नास वर्षें भरावयाचीं असतात. ही दृष्टि आपल्याकडे अगदींच नवी नाहीं. १९४४ सालीं मुंबईंत वकील नांवाच्या एका पारशी दांपत्याला आपल्या डाउन सिंड्रोम असलेल्या कन्येसाठीं योग्य शाळा मिळेना. त्यांनीं ती स्वतःच सुरू केली. शिवडीची जय वकील संस्था ती हीच. लोक अशीं मुलें माजघरांत लपवीत त्या दिवसांतली ही गोष्ट आहे. पुण्याच्या गौरी गाडगीळ या जलतरणपटु; २०१४ सालीं प्रदर्शित झालेल्या 'यलो' या मराठी चित्रपटांत त्यांनीं स्वतःच काम केलें आणि राष्ट्रीय पुरस्कारांत त्यांचा विशेष उल्लेख झाला. अर्थात् प्रत्येक मूल असें नांव काढील असें नव्हे, आणि काढलेंच पाहिजे असेंहि नव्हे.

घरीं काय करावें हें ज्यांना हवें त्यांच्यासाठीं थोडेंसें. रोज एकाच वेळीं, दहा-पंधरा मिनिटें, त्याहून अधिक नाहीं. समोरासमोर बसावें, म्हणजे ओठ दिसतात. रेडिओ किंवा मोबाइल लावून देणें याला मी संगीत म्हणत नाहीं. मुलाला उत्तर देणारा माणूस हवा. पट्टी खालची धरावी, कारण या मुलांचा आवाज बहुधा घोगरा व बसका असतो. वरच्या सुरांत तीं गप्प होतात. गाणें रोजच्या कामाचें असावें: हात धुण्याचें, बटण लावण्याचें, आजीला हांक मारण्याचें. ओळीचा शेवटचा शब्द आपण गिळावा आणि वाट पाहावी. पांच मोजावे. मुलानें नुसता हुंकार दिला तरी तो शब्द समजून पुढें जावें. सूर बेसूर लागला म्हणून हंसूं नये. डाउनसाहेबांनीं म्हटल्याप्रमाणें विनोद यांना चांगला कळतो, आणि आपल्यावर केलेलाहि कळतो.

तो कागद त्या बाईंनीं माझ्यासमोरच पुन्हां घडी करून ठेवला. फाडला नाहीं, मीहि फाडा म्हटलें नाहीं. माघांत मुलाच्या वडिलांचें पत्र आलें. जिल्ह्याच्या ठिकाणीं कान दाखविले, दोन्ही पडद्यांमागें पाणी होतें, उपचार चालू आहेत. रक्त तपासलें, थायरॉइडची गोळी सुरू झाली. रागोपचाराला पैसे पाठविले नाहींत. बोलण्यांत फार फरक पडला असें त्यांनीं लिहिलें नाहीं. बाजाराच्या दिवशीं मात्र ते त्याला खामगांवाहून एस. टी.नें आणीत होते. कंडक्टरानें "कुठं जायचं?" म्हणून विचारलें तेव्हां मुलानें वडिलांच्या तोंडाकडे पाहिलें नाहीं. त्यानें मांडीवर तीन टाळ्या दिल्या व गांवाचें नांव सांगितलें. चौथी टाळी त्यानें रिकामी सोडली. कंडक्टर तेवढा वेळ थांबला आणि मग त्यानें तिकीट दिलें.